सल्ला हवा: लेकीसाठी सायक्लोक्रॉसची चाकं बांधायची आहेत, पण दुकानातून वेळ कसा काढू?

चाकबांधणी_सातारा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी भाड्याच्या काळ्या सायकलींवर सुरू केलं, मी शाळेत असल्यापासून तिथेच वाढलो, आता वय ४३. पंक्चर, ब्रेक, गिअर सगळं करतो, पण जीव रमतो तो चाक बांधण्यात. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. वडील रिंग मांडीवर घेऊन बसायचे आणि आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायची वेळ आली की रेडिओ बंद करायला सांगायचे. तार बोटाने छेडून आवाज ऐकायचा असायचा त्यांना. ती सवय मलाही लागली.

थोरली लेक १४ वर्षांची आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी तिने मोबाईलवर बेल्जियममधली सायक्लोक्रॉसची शर्यत लावली आणि तेव्हापासून आमच्या घरात हे वेड शिरलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शेतातून, चिखलातून, वाळूतून तीनेक किलोमीटरचा फेरा, तासाभराची शर्यत. मध्ये फळ्यांचे अडथळे असतात, तिथे उतरून सायकल उचलायची, खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या, परत धावत धावत बसायचं. तिकडे दुपारी तीनला शर्यत सुटते तेव्हा आपल्याकडे साडेसात झालेले असतात, म्हणजे जेवणाची वेळ. नामुर गावात जुन्या गढीच्या उतारावरून शर्यत जाते. ते बघताना लेक म्हणाली, "पप्पा, हा तर आपला अजिंक्यतारा." तेव्हापासून भाकरी ताटात तशीच आणि नजर मोबाईलवर.

आता अडचण सांगतो. मागच्या वर्षी तिच्यासाठी मागचं चाक मी दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत, घाईत बांधलं. तारांना ताण कमी राहिला. यवतेश्वरचा घाट चढताना तीन तारा एकापाठोपाठ तुटल्या, तिन्ही हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या, वाकणावर. पोर सायकल ढकलत खाली आली. घरी येऊन एक शब्द बोलली नाही, ते मला जास्त लागलं. गणपतीत ठरवलं की या वेळी दोघांनी मिळून बांधायचं. तिने स्वतः १६ तारा ओवल्या, मग माझ्याकडे कामं आली आणि ती अर्धी ओवलेली रिंग स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकली. दिवाळी होऊन गेली, रिंग तिथेच आहे. रात्री साडेदहाला घरी पोहोचतो तेव्हा ती निपलची, म्हणजे तार रिंगला धरणाऱ्या छोट्या नटांची, डबी उशाशी घेऊन झोपलेली असते.

तर सल्ला हवाय. किती भोकांची रिंग, कसल्या तारा, कोणते टायर? तयार सायक्लोक्रॉस सायकल मला परवडणारी नाही, तिची जुनी हायब्रिडच (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांची सायकल) वापरायची आहे, डिस्क ब्रेकची, ७०० सी मापाची चाकं. सराव कुठे घेऊ? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांचं दुकान आहे आणि घरी मुलं आहेत त्यांनी वेळेचं काय केलं ते सांगा.

घाटवाटा

दादा, एवढा खटाटोप कशाला? एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल घ्या, जाड टायर, पुढे सस्पेन्शन. साताऱ्याच्या आसपास तेच कामाला येईल.

चाकबांधणी_सातारा

@घाटवाटा, एमटीबी दुकानात आहेच, तिने चालवूनही पाहिली. पण तिला उतरून उचलायचं, धावायचं आणि परत उडी मारून बसायचं आहे. मन तिथे आहे तर मी तिला दुसरीकडे वळवणार नाही.

चौदा_गेज

सांगलीत ३१ वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, त्या तीन तारा का तुटल्या. लोकांना वाटतं तार ताणली म्हणून तुटते. सायकलच्या चाकात बहुतेक वेळा उलटं असतं. ताण कमी असला की प्रत्येक फेऱ्यात जमिनीकडची तार क्षणभर सैल पडते आणि पुन्हा ओढली जाते. वाकणावर धातू रोज थोडा थोडा दमतो आणि एक दिवस तिथेच सुटतो. म्हणजे घाटाचा दोष नव्हता, तारेचाही नव्हता.

आता बांधणी. ३२ भोकं पुरे, पोरीचं वजन बघता ३६ ची गरज नाही. तीन क्रॉस घाला, म्हणजे प्रत्येक तार वाटेत दुसऱ्या तीन तारांना छेदून जाते. डिस्क ब्रेक आहे म्हणून सरळ तारा अजिबात नको, पुढच्या चाकालाही नको, कारण ब्रेक लागतो हबला आणि तो जोर रिंगपर्यंत पोचवतात त्या तिरक्या तारा. मागे चेनच्या बाजूला साधी २ मि.मी. तार, बाकी सगळीकडे मध्ये बारीक केलेली २.०/१.८ ची. ती थोडी लवचिक असते, धक्का बरा सोसते. निपल पितळेचेच. अॅल्युमिनिअमचे हलके असतात, पण चिखल, पाणी आणि रोजची धुलाई यात गंजून धरतात आणि पाना लावला की कोपरे गोल होतात.

तारेची लांबी दुसऱ्याच्या अंदाजावर कापू नका, रिंग स्वतः मोजा. दोन जुन्या तारा बरोबर २०० मि.मी. वर कापा, वरचा आटे असलेला भाग ठेवा. समोरासमोरच्या भोकांतून निपल घालून तारा आत बसवा, तारेचं टोक निपलच्या डोक्याशी सपाट यायला हवं. मग मधली उरलेली फट मोजा, त्यात ४०० मिळवा. हा रिंगचा व्यास, तारेची लांबी यावरून काढायची. असं तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या. हे काम लेकीला द्या. सरासरी शाळेत शिकलीच आहे, इथे तिचा उपयोग दिसेल.

आट्यांना आणि रिंगच्या भोकांना तेलाचा थेंब हवा. सगळे निपल आधी सारखे फिरवा, प्रत्येक तारेवर आटे तेवढेच दिसले पाहिजेत. तिथून पुढे अर्धा फेरा, सगळीकडे, मग परत अर्धा. निपलचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण ०.४५ मि.मी., म्हणून धीर धरायचा. आधी वरखाली आऊट काढा, मग डावीउजवीकडचा. बहुतेक जण उलटं करतात आणि शेवटी चाक सरळ दिसतं पण धडधडतं.

आता जी गोष्ट घाईत राहून जाते ती. चाक सरळ झालं की हातमोजे घालून शेजारच्या समांतर तारांची जोडी मुठीत धरून जोरात दाबायची. पूर्ण चाकभर. टक टक आवाज येतात, ते तारांचे पीळ सुटण्याचे. मग चाक पुन्हा थोडं बिघडतं, पुन्हा आऊट काढायचा, पुन्हा दाबायचं. आवाज बंद होईपर्यंत. मागच्या चाकाला चेनच्या बाजूला १०० ते ११० किलोचा ताण येऊ द्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच येईल. ते चूक नाही, कॅसेटमुळे (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) तिकडचा कोन वेगळा असतो. ताण मोजायचं मीटर असेल तर छान, नसेल तर एकाच बाजूच्या तारा छेडून एकसारखा सूर येतोय का ऐका. वडिलांनी दिलेला कान तुमच्याकडे आहेच.

कृष्णाकाठ

टायरबद्दल माझं. शर्यतीत यूसीआयच्या (जागतिक सायकल संघटना) नियमाने ३३ मि.मी. पेक्षा रुंद टायर चालत नाही. घरच्या सरावाला तो नियम लागू नाही, ३५ घाला, पण आधी चिमट्यात (चाक बसतं त्या दोन दांड्यांत) दोन्ही बाजूंना बोटभर फट उरते का ते बघा. काळी माती चिकटते आणि आत भरते, मग चाक फिरतच नाही. कासच्या बाजूची जांभ्याची माती त्या मानाने सुटी. हवा कमी ठेवायची. ट्यूब असेल तर ३५ पीएसआयच्या खाली जाताना जपा, दगडावर ट्यूबला दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलं तर तिच्या वजनाला २५ पण चालेल.

आणि एक विनंती. कासच्या पठारावर, फुलांच्या भागात सायकल घालू नका, कितीही मोकळं दिसलं तरी. थरभर मातीवर जगणारी झाडं आहेत ती.

पायडल_मारा

ब्रेकचं सांगतो, कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी उलटं. तुमच्या लेकीला आपलीच पद्धत ठेवा. सायक्लोक्रॉसमध्ये डाव्या बाजूने उतरतात, उजवा पाय मागून फिरवून आणतात, आणि उजवा हात हँडल सोडून फ्रेमची दांडी पकडतो. त्या वेळी हँडलवर फक्त डावा हात उरतो. त्या हाताला मागचा ब्रेक असला तर चाक घसरलं तरी सावरता येतं. खांद्यावर घ्यायची ती उजव्या खांद्यावर, चेन बाहेरच्या बाजूला राहते.

अडथळ्याची उंची जास्तीत जास्त ४० से.मी. सुरुवातीला २० ची ठेवा, जाड बांबू किंवा पीव्हीसीचा पाइप वापरा. पडला तर पडला पाहिजे, पोरगी नाही.

माजघर

दादा, मी सायकलीतली नाही. माझ्या वडिलांचं मिरजेला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणून लिहितेय.

वडील वाईट नव्हते, आमच्यावर जीव होता. पण आमचं प्रत्येक काम "दुकान आवरलं की" यावर असायचं, आणि दुकान कधी आवरत नाही. माझ्या सायकलचा दिवा त्यांनी जोडून द्यायचा होता. तो मी सातवीत मागितला, दहावीत मामाने जोडला. आज ते नाहीत, राग कधीच नव्हता, पण तो दिवा अजून आठवतो.

तुमच्याकडे कामाची वही असेल. गिऱ्हाइकाचं नाव, काम, द्यायची तारीख लिहीत असाल. तिचं चाक त्या वहीत लिहा. तिच्या नावाने, तारीख घालून, आणि ती तारीख तिला सांगा. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख तुम्ही पाळताच ना? घरच्यांना आपण तारीख देत नाही, तिथेच सगळं राहतं.

आणि वहिनींना धरून चाला. शर्यती बघण्यात त्या कुठे आहेत ते तुम्ही लिहिलंच नाही.

चाकबांधणी_सातारा

माजघरताई, तुमचा प्रतिसाद घरी वाचून दाखवला. बायको शिलाईकाम करते, मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मीही तेच सांगत होते, पण मी घरची." उद्या वही उघडतो.

सराव कुठे घ्यायचा तो प्रश्नही तिनेच सोडवला. तिचं माहेर कोरेगावच्या बाजूला आहे. सासऱ्यांचा ऊस यंदा लवकर तुटणार आहे. फड रिकामा झाला की नांगरटीच्या आधी दोन-तीन आठवडे रान मोकळं असतं. पाट आहे, बांध आहे, विहिरीच्या पायऱ्या आहेत. आणखी काय हवं?

घाटवाटा

दादा, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. फड मोकळा झाला की सांगा, बांबू मी घेऊन येतो.

चाकबांधणी_सातारा

दोन महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला.

वहीत लिहिलं. लेकीचं नाव, "पुढचं चाक, ३२ तारा, तीन क्रॉस", पुढे रविवारची तारीख. त्या शनिवारी एका गिऱ्हाइकाला उद्या चाक हवं होतं. मी वही दाखवली, म्हटलं उद्याचं काम घेतलेलं आहे. तो म्हणाला, बरं, मंगळवारी येतो. एवढं सोपं होतं, आणि मी १४ वर्षं ते केलं नव्हतं.

रविवारी दुकान बंद ठेवून घरीच बसलो. रिंग तिनेच मोजली, तीनदा. लांबी माझ्या अंदाजापेक्षा २ मि.मी. कमी निघाली, म्हणजे मी मागवल्या असत्या त्या तारा वाया गेल्या असत्या. खिळ्यावरच्या १६ तारा तिने सोडून पुन्हा पहिल्यापासून ओवल्या, माझा हात लावू दिला नाही. संध्याकाळी चाक स्टँडवर चढलं तेव्हा रिंग मधोमध नव्हती, ३ मि.मी. एका बाजूला. तिचा चेहरा पडला. मी काही बोलायच्या आधी धाकटा म्हणाला, "ताई, एका बाजूचे सगळे अर्धा-अर्धा फिरव ना." वय वर्षं नऊ, आणि बरोबर होतं. बायकोने मशीन थांबवलं, आणि तार छेडायच्या वेळी तिने स्वतःहून टीव्ही बंद केला. टक टक आवाज तीन वेळा दाबल्यावर बंद झाले.

ऊस डिसेंबरात तुटला. घाटवाटा खरंच बांबू घेऊन आले, त्यांचे आभार. सासऱ्यांनी पाटाला पाणी सोडून एक कोपरा मुद्दाम चिखलाचा करून दिला. पहिल्या फेरीत तिसऱ्या अडथळ्यावर पडली, गुडघा खरचटला, उठून सायकल खांद्यावर घेतली आणि विहिरीच्या पायऱ्या चढून गेली. काळ्या मातीने टायर पूर्ण भरला होता. बायको बादली आणि ब्रश घेऊन बांधावर उभी होती. दर फेरीला ती चाक धुवायची आणि सासूबाई वेळ सांगायच्या. सहा फेऱ्या झाल्या. घरी आल्यावर चाक स्टँडवर लावलं, आऊट अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

मागच्या चाकाला जुनीच रिंग आहे, ती आता बदलायची. वहीत पुढच्या रविवारची तारीख घातली आहे. चौदा_गेज काका, चेनच्या बाजूच्या २ मि.मी. तारा साताऱ्यात लांबीला मिळत नाहीयेत. तुमच्याकडे २९२ च्या १६ असतील तर ठेवा, मी सांगलीला येऊन घेऊन जातो. लेकही येईन म्हणते, तुमचा स्टँड बघायचाय तिला.