मदत हवी आहे: बाखचं पहिलं इन्व्हेन्शन, दोन्ही हात एकत्र आले की डावा हात दबतो

गेली तीन वर्षं मी शिक्षकाशिवाय, स्वतःच पियानो शिकतोय. आजवर वाजवलेलं सगळं एकाच साच्यातलं: उजव्या हातात चाल, डाव्या हातात कॉर्ड (एकत्र दाबलेले स्वर). दीड महिन्यापूर्वी जर्मन संगीतकार बाखचं सी मेजरमधलं टू-पार्ट इन्व्हेन्शन (दोन हातांत दोन स्वतंत्र ओळी असलेली छोटी रचना), बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ७७२, हातात घेतलं आणि तिथेच अडकलोय.

रचना जेमतेम २२ बारची (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा). दोन्ही हात सुटेसुटे नीट येतात. एकत्र केले की डावा हात आपोआप साथीला बसतो. पहिल्याच बारमध्ये उजवा हात सी-डी-ई-एफ-डी-ई-सी म्हणतो आणि अर्ध्या बारनंतर डावा तेच खालच्या सप्तकात म्हणतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हे दुसरं येणं ऐकूच येत नाही. तिसऱ्या बारपासून तीच ओळ उलटी होते, चढाच्या जागी उतार येतो. कागदावर ते लख्ख दिसतं, पण वाजवताना कळतच नाही.

१७२३च्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर बाखने हेतू लिहून ठेवलाय: दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गायल्यासारखं वाजवणं अंगी बाणवावं. मला तेच हवंय. म्हणून नुसते स्वर बरोबर लागले की पुढचं इन्व्हेन्शन घ्यायचं, असं मनात नाही.

बार १५ ते १८ मध्ये वेगळाच घोळ होतो. एक हात लांब स्वर धरून ठेवतो, दुसरा धावतो, मग अदलाबदल. धावणारं बोट उचललं की दुसऱ्या हातातलं धरलेलं बोटही नकळत सुटतं. पेडल घेतलं तर स्वर टिकतो, पण सगळं एकमेकांत मिसळतं, म्हणून पेडल सोडून दिलं.

पहिल्या बारमधला बी वरचा मॉर्डंट (मूळ स्वर, खालचा स्वर, पुन्हा मूळ स्वर असा झटपट अलंकार) मी ४-३-४ बोटांनी (अनामिका, मधलं, अनामिका) घेतो, आणि तिथे लय हमखास अडखळते. बाखने १७२० मध्ये थोरल्या मुलाच्या वहीत अलंकारांचा तक्ता लिहून दिला होता, तो पाहिलाय. काय वाजवायचं ते कळतं, लयीत बसवायचं कसं ते कळत नाही. काही दिवस मॉर्डंट गाळून सराव केला तर चालेल, की पुढे तो घालताना सगळं पुन्हा शिकावं लागेल?

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ४० ठोक्यांवर ठेवून पाहिलाय. उजव्या हाताने वाजवत डाव्याची ओळ गाऊनही पाहिली, दुसऱ्या बारपलीकडे जात नाही. हे असं गात वाजवणं चिकाटीने चालू ठेवू का? की अर्धा-अर्धा बार घेऊन आधी हात जुळवू?

आणखी एक. माझ्या उर्टेक्स्ट प्रतीत (संपादकाची भर नसलेल्या मूळ पाठाच्या प्रतीत) स्लर, म्हणजे स्वर जोडून वाजवायच्या खुणा, नाहीत, लहान-मोठ्या आवाजाच्या खुणाही नाहीत. सोळाव्या भागाचे (जास्त जलद) स्वर जोडून आणि आठव्या भागाचे (त्यांच्या दुप्पट लांब) किंचित सुटे, असं मी स्वतःच ठरवलंय. ज्यांनी हे वाजवलंय, त्यांनी डाव्या हातातही हाच नियम पाळला का?