बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचा 'मंत्री'

गोदाकाठ
वारस नोंदीच्या प्रकरणात जोडायला एका बाप्तिस्म्याच्या दाखल्याचं मराठी हवंय. दाखला वैजापूरकडचा, कॅथलिक. नमुना इंग्रजीत छापलेला, रकाने हाताने भरलेले. अर्जदाराने कचेरीबाहेर टाइप करून आणलेलं भाषांतर सोबत आहे. त्यात 'मिनिस्टर' रकान्याचं 'मंत्री' आणि 'स्पॉन्सर'चं 'प्रायोजक' झालंय. म्हणजे बाप्तिस्मा मंत्र्यांच्या हस्ते झाला, वर कार्यक्रमाला प्रायोजकही मिळाले.

हे दोन निस्तरता येतील. अडलंय ते खालच्या सहीपाशी, 'पॅरिश प्रिस्ट', म्हणजे एका चर्चच्या लोकांची जबाबदारी ज्याच्यावर असते तो फादर. 'पाळक' लिहिलं तर कॅथलिक मंडळी खोडतात. 'धर्मगुरू' लिहावं तर वरच्या मिनिस्टरलाही धर्मगुरूच म्हणतात, आणि दोन्ही नावं वेगळी आहेत. पाणी एकाने घातलं आणि सही दुसऱ्याची कशी, असं कारकून विचारणारच. चालणारा शब्द कोणता?

बाजरीचं कणीस
दोन्हीकडे 'धर्मगुरू' नकोच. मिनिस्टर म्हणजे डोक्यावर पाणी ओतून 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' असं म्हणणारा. तो बहुतेक वेळा फादर असतो, पण डिकनही (फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित) असू शकतो. बाळ अत्यवस्थ असेल तर दवाखान्यातली नर्ससुद्धा बाप्तिस्मा देऊ शकते, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी. हेतू चर्चचा तोच असला म्हणजे झालं. तिथे 'बाप्तिस्मा देणारा' किंवा 'संस्कारदाता' लिहा.

खालची सही करणारा म्हणजे आज ज्याच्या ताब्यात वही आहे तो. नोंदवह्या, शिक्का आणि दप्तर ही त्याची जबाबदारी, १९८३च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम ५३५. 'मी बाप्तिस्मा दिला' असं तो म्हणतच नाही, 'वहीत असं लिहिलंय' एवढंच म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वीची नोंद असेल तर दोन नावं वेगळी असणारच. कारकुनाला हे एका ओळीत लिहून द्या.

स्पॉन्सरचं 'धर्मपिता' आणि 'धर्ममाता' करा. दोघं असले तर एक पुरुष, एक बाई. एकच असला तरी चालतं, तेव्हा दुसरा रकाना रिकामा दिसला म्हणून तो मजकूर गहाळ समजू नका.

आणि शेऱ्याचा रकाना गाळू नका. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार), लग्न, गुरुदीक्षा (फादर होणं), सगळं फिरून याच नोंदीसमोर येतं. लग्न पुण्यात लागलं तरी लावणाऱ्याने ते बाप्तिस्म्याच्या गावी कळवायचं असतं. कळवायचं राहिलं की शेरा कोरा आणि माणूस कागदावर अविवाहित. म्हणून तर लग्न जमलं की सहा महिन्यांच्या आतला ताजा दाखला मागतात, घरातल्या ट्रंकेतला चालत नाही. कोऱ्या रकान्याचं भाषांतर 'अविवाहित' करू नका, 'शेरा : कोरा' इतकंच लिहा.

हिमरू
'पाळक' अर्थाने चूक नाही, घराने चूक आहे. नगरच्या अमेरिकन मिशनपासून जालन्याच्या स्कॉटिश मिशनपर्यंत प्रॉटेस्टंटांनी पास्टरला पाळक केलं, मेंढपाळातला पाळ घेऊन. कॅथलिक कायद्यातही पॅरिश प्रिस्टला 'पास्तोर' म्हणतात, म्हणजे मेंढपाळच. पण इकडे 'पाळक' ऐकलं की लोक पंथ ओळखतात. पाळकाला बायको असते, फादरला नसते, गावाला फरक तेवढ्यावर कळतो.

'पाद्री' पोर्तुगीज. तो वर्तमानपत्रात सापडतो, तोंडावर कोणी म्हणत नाही. तोंडावर 'फादर', म्हाताऱ्यांच्या बोलण्यात 'फादरबाबा'. जानेवारी २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो आपल्या सगळ्यांना 'फादर' म्हणूनच माहीत होते. शब्द मराठी झाला म्हणायचा तो आणखी कधी?

मराठी बाणा
फादर, पॅरिश, बाप्तिस्मा, मिस्सा. वाक्यातून क्रियापद काढलं तर मराठी काही उरत नाही. 'पुरोहित' हा चांगला अर्थवाही शब्द असताना ही उसनवारी कशाला? पॅरिश प्रिस्ट म्हणजे ग्रामपुरोहित. झालं.

हिमरू
बाणासाहेब, पुरोहिताला कार्यापुरतं बोलावतात, दक्षिणा दिली की तो मोकळा. इथे उलट आहे. ह्याला बिशप नेमतो आणि ती माणसं त्याच्या गळ्यात पडतात, त्यांनी बोलावलं नाही तरी. दर रविवारी एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, त्या लोकांसाठी करणं त्याला बंधनकारक असतं आणि त्या मिस्साचा पैसा घेता येत नाही. आठवड्याहून जास्त बाहेर राहायचं तर वर कळवावं लागतं. पुरोहितावर असलं कुठलं बंधन?

आणि बायबलात यज्ञ करणाऱ्याला 'याजक' शब्द रुळलेला आहे. पुरोहित आणला तर तिसरंच भांडण.

मराठी बाणा
पण मग दीक्षा, संस्कार, प्रसाद, आरती हे कुठून घेतलंत? तेव्हा उसनवारी टोचली नाही?

बाजरीचं कणीस
टोचली की! अजूनही काहींना टोचते. 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सने १६१६ साली स्वर्गाला 'वैकुंठ' लिहिलं, तेव्हापासून हे चालू आहे. आरती, समई, मांडी घालून मिस्सा, पायघोळ झग्याऐवजी अंगावर शाल, याला रोमने १९६९ साली बारा कलमांची परवानगी दिली. काही गावांत ते आनंदाने चालतं, काही गावांत 'आम्ही हे सोडूनच आलो होतो' असं ऐकावं लागतं. हा वाद शब्दांपुरता नाही, म्हणून तो शब्दकोशात मिटत नाही.

सातबारा
मूळ शब्दाकडे या. वसईच्या छापील मराठीत पॅरिशला 'धर्मग्राम', डायोसिसला (बिशपच्या प्रांताला) 'धर्मप्रांत' आणि पॅरिश प्रिस्टला 'प्रमुख धर्मगुरू' म्हणतात. तिकडे हे शोभतं, घंटा वाजली की सगळ्या धर्मग्रामाला ऐकू जाते. मराठवाड्यात एका फादरकडे किती तरी गावं, प्रत्येक गावात पाच-दहा घरं, कधी तालुकाही दुसरा. त्यातलं 'ग्राम' कोणतं?

आपल्याकडे याला जवळचा शब्द तलाठ्याचा आहे. सज्जा. मुक्काम एका गावी, दप्तर तिथे, जबाबदारी सगळ्या गावांची, आणि माणूस नेमका हवा तेव्हा दुसऱ्या गावी. 'धर्मसज्जा' करा!

हिमरू
अण्णा, वहीतल्या चुका काढायला फेरफार पण सुरू करू या मग.

'ग्राम' खटकतो हे मात्र खरं. कायद्याने पॅरिश म्हणजे आधी माणसांचा समुदाय, हद्द नंतर. आणि मूळ ग्रीक 'पारोइकिया', म्हणजे परक्या ठिकाणी शेजारधर्माने राहणं, उपऱ्यासारखं. 'ग्राम'पेक्षा 'वस्ती' त्याच्या जवळ जाते.

सातबारा
लोक काय म्हणतात ते बघा ना. 'मिशन'. दाखला कुठून आणला? मिशनमधून. दवाखाना, शाळा, बोर्डिंग, फादरचं घर, सगळं मिशन. औरंगाबादचा धर्मप्रांत १९७७ साली वेगळा झाला, तरी लोकांचं मिशन मिशनच राहिलं.

आणि बाकीच्या गावांना कागदावर 'उपकेंद्र' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं एक तर महावितरण, नाही तर लसीकरण. बोलताना सरळ 'फादर गावावर गेलेत'.

गोदाकाठ
मंडळी, सही 'पॅरिश प्रिस्ट'ची आहे. 'मिशन प्रिस्ट' लिहिता येणार नाही.

तुतीचा पाला
'गावावर' वरून आठवलं. मिस्सा 'झाला' की 'झाली'? आणि 'म्हणतात', 'करतात' की 'अर्पण करतात'? छापलेलं सगळं 'अर्पण'. माणसं म्हणतात 'आईच्या नावानं मिस्सा लावायची'. हे 'लावणं' कुठून आलं, अभिषेक लावतात तसं?

बाजरीचं कणीस
'लावणं' म्हणजे फादरच्या वहीत हेतू नोंदवणं, त्यासोबत दान ठेवणं. ते अर्पणाहून वेगळं काम आहे, म्हणून क्रियापद वेगळं. एका माणसाने रविवारी तीन गावांत तीन मिस्सा केले तरी दान एकाच मिस्साचं त्याचं, बाकीचं धर्मप्रांताने ठरवलेल्या कामाला जातं. लोकांना वाटतं फादरने तीन घेतले.

लिंगाचं सांगत नाही, मार खायचा नाही.

सातबारा
माझ्या मते मिस्सा हा 'मिसळणे'तलाच. द्राक्षारसात पाण्याचे दोन थेंब मिसळतातच ना? मिश्र, मिस्स, मिस्सा. प्राकृतात चोख बसतं.

हिमरू
प्राकृतात काहीही बसतं अण्णा. लॅटिनमधला शेवटचा उच्चार 'इते, मिस्सा एस्त', म्हणजे जा आता, निरोप दिला. लोकांनी निरोपाचं नाव अख्ख्या विधीला दिलं. पोर्तुगीज 'मिस्सा'वरून आपल्याकडे आला. मूळ स्त्रीलिंगी, तेव्हा 'झाली'.

बाजरीचं कणीस
मूळ पोर्तुगीज स्त्रीलिंगी म्हणून मराठीतही स्त्रीलिंगी? तसं असेल तर 'पेन' कोणत्या लिंगाचं ते आधी लॅटिनला विचारा. आकारान्त शब्द आपण बरेचदा पुल्लिंगी धरतो, म्हणून 'मिस्सा झाला' म्हणणाऱ्यांचंही चुकत नाही.

पण 'गावावर'च्या मिस्साला एक चांगला शब्द आहे तो राहतोय, 'पेटी'. फादरची पेटी आली म्हणजे मिस्सा होणार. चषक, तबकडी, खाली अंथरायचं पांढरं चौकोनी फडकं, पुसायचं वेगळं, दोन कुप्या, ओस्त्यांची (प्रसादाच्या पातळ चकत्यांची) डबी, छोटा क्रूस, मेणबत्त्या, गळ्यातला स्टोल नावाचा पट्टा, पुस्तकं. लिंबाखाली टेबल टाकलं की पहिली मेणबत्ती वाऱ्याने जाते, मग कोणीतरी कंदिलाची काच आणतं. ओस्ती कागदासारखी हलकी, ती उडू नये म्हणून तबकडीवर झाकण लागतं. मे महिन्यात अर्धी कुपी गाडीत राहिली तर द्राक्षारस आंबतो. शिरका झाला की मिस्साला चालत नाही, कायदा स्पष्ट आहे : शुद्ध द्राक्षाचा, न बिघडलेला. म्हणून उन्हाळ्यात कुपी लहान भरायची, त्या दिवसापुरती.

तुतीचा पाला
'ओस्ती'ला 'भाकर' म्हणणारेही आहेत. गव्हाचीच लागते, तेव्हा भाकर कशी?

मराठी बाणा
अरे, 'रोजची भाकर आज आम्हांला दे' हे काय ज्वारीला उद्देशून आहे?

तुतीचा पाला
मराठवाड्यात? हो.

हिमरू
ह्या सगळ्यात एका शब्दाने खरंच नुकसान होतं, त्याच्यावर कोणी भांडत नाही. 'शेवटचं तेल'. १९७२ साली रोमने विधी बदलला, नाव आजाऱ्यांचा अभ्यंग झालं. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात, गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, थकलेल्या म्हाताऱ्यांना. बरा होऊन पुन्हा आजारी पडला तर पुन्हा. पण घरात 'शेवटचं' म्हणतात, त्यामुळे फादरला बोलावणं म्हणजे आशा सोडणं. मग बोलावतात केव्हा? शुद्ध हरपल्यावर, नाही तर गेल्यावर. गेलेल्याला हा संस्कार देता येत नाही, नुसती प्रार्थना होते, आणि घरचे म्हणतात फादरने तेल लावलं नाही. सिस्टर डोकं फोडून सांगतात, शब्द हलत नाही.

बाजरीचं कणीस
शिवाय ते शेवटचं नाहीच. मरणाच्या दारात क्रम असा : आधी पापनिवेदन, मग तेल, मग ख्रिस्तप्रसाद. शेवटचा तो प्रसाद, लॅटिनमध्ये 'वियातिकुम', वाटेचं खाणं.

सातबारा
म्हणजे शिदोरी!

हिमरू
हा मात्र तुमचा शब्द घेतला अण्णा. फडक्यात बांधलेली शिदोरी. फादर तो प्रसाद छोट्या डबीत घालून गळ्यात अडकवून नेतात, तेही जुळतं.

मराठी बाणा
बघा, मराठीत शब्द असतात.

सातबारा
तुमच्या 'पुरोहित'ने नाही, आमच्या सज्ज्याने दिला.

गोदाकाठ
'मंत्री' आणि 'प्रायोजक' काढले. सहीखाली 'प्रमुख धर्मगुरू' टाकायचं म्हणतोय, पण त्या मिशनमध्ये सध्या एकच फादर आहेत. प्रमुख कोणाचे, असं कोणी विचारलं तर?

बाजरीचं कणीस
'प्रमुख' म्हणजे सहायकांवरचा नव्हे, नेमणुकीने जबाबदार. एकटा असला तरी प्रमुखच. पण कारकुनासाठी 'धर्मग्रामाचे धर्मगुरू' जास्त सरळ.

सातबारा
'ग्राम' परत आला बघा.

तुतीचा पाला
गोल शिक्क्यावर काय आहे? संताचं नाव असेल तर 'सेंट' ठेवता की 'संत'? कारण 'संत' लिहिलं की इकडे पैठण डोळ्यांपुढे येतं.