मदत हवी आहे: मध्यस्थीच्या सरावात घाई कशी आवरू?
नमस्कार मंडळी, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, यंदा वादनिवारण हा विषय घेतलाय. लवादाचा भाग जमतो. परदेशी लवाद-निवाड्यांना मान्यता देणारा १९५८ चा न्यूयॉर्क करार, अन्सिट्रालचा (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-कायदा आयोगाचा) १९८५ चा लवादावरचा आदर्श कायदा वाचला की डोक्यात बसतो. अडतंय ते मध्यस्थीत. लवाद निवाडा देतो, मध्यस्थाला तो अधिकारच नाही. तोडगा पक्षकारांच्याच तोंडून यायला हवा. मी मात्र सरावात त्यांची खरी गरज समजायच्या आधीच मार्ग सुचवून मोकळी होते. दोन वर्षं आम्ही युक्तिवादच शिकलो ना, ती सवय सुटत नाही. शिवाय स्वतंत्र बैठकीत एकाने विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याकडे न फोडता बोलणी पुढे कशी न्यायची? कुणी प्रत्यक्ष मध्यस्थी केली असेल तर कृपया सांगा, सुरुवातीला नेमकं काय विचारता? मला हे मनापासून शिकायचंय.