‘हायपॉक्सिया’ला मराठीत काय म्हणायचं?

देवगडकर: हाडांच्या चयापचयावर मराठीत लिहितोय. ‘हायपॉक्सिया’ला, म्हणजे पेशींभोवती प्राणवायू कमी असण्याला, ‘अल्पप्राणता’ चालेल? ‘मायक्रोआरएनए’ला ‘सूक्ष्म आरएनए’? आणि हे वाक्य बघा: ‘प्राणवायू घटला की हिफ-१ अल्फा हे प्रथिन तयार होतं.’

वेंगुर्लेकर: अल्पप्राणता नको हो! क-ग अल्पप्राण, ख-घ महाप्राण असं शाळेत घोकलेलं. वाचक हाडं सोडून बाराखडीत शिरेल. ‘अभाव’ही नको, त्याचा अर्थ मुळीच नसणं. ‘घुसमट’ मला सुचलं होतं, पण हाडाच्या मज्जेत प्राणवायू एरवीही कमीच असतो. तिथल्या पेशी त्यातच नांदतात, मग घुसमट कसली? सरळ ‘कमी प्राणवायू’ लिहा.

अलिबागची: नामाचं जमेल, क्रियापद चुकलंय. हिफ-१ अल्फा सतत तयार होतच असतं. प्राणवायू पुरेसा असला की त्यावर हायड्रॉक्सिलची रासायनिक खूण चढते, व्हीएचएल नावाचं प्रथिन ती ओळखतं आणि पेशी हिफचे तुकडे करते. आमच्याकडच्या खारबांधाची, म्हणजे समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाची, उघाडी (झडपेचं दार) आठवा. ओहोटीला शेतातलं पाणी निघून जातं. भरतीला झडप मिटते, पाणी आत तुंबतं. पाऊस दोन्ही वेळा तेवढाच! म्हणून ‘तयार होतं’ नव्हे, ‘साचतं’. ते साचलं की रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचं जनुक चालू होतं, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या सोबतीनं हाड वाढतं. याच प्राणवायू-यंत्रणेला २०१९चं नोबेल.

‘सूक्ष्म’ही सोडा. डोळ्यांना कुठला आरएनए दिसतो? हे तर जेमतेम २२ अक्षरांचे तुकडे. मायक्रोआरएनएच ठेवा. पण ‘जनुक बंद करतो’ लिहू नका. जनुक जागेवरच असतं. हा तुकडा जनुकाकडून निघालेल्या निरोपाला (एमआरएनएला) चिकटतो, मग त्या निरोपावरून प्रथिन कमी बनतं. म्हणजे ‘निरोप दाबतो’. मिर-२०४ हा मायक्रोआरएनए रंक्स-२चा, म्हणजे हाड घडवायला लावणाऱ्या प्रथिनाचा, निरोप दाबतो, तेव्हा मज्जेतल्या मूळ पेशी हाडाऐवजी चरबीकडे झुकतात. तुमच्या दोन्ही विषयांची गाठ हवी तर मिर-२१० घ्या, हिफ साचलं की तो वाढतो.

देवगडकर: ‘साचतं’ घेतलं, ताई. ऑस्टिओक्लास्टला ‘अस्थिभंजक’ लिहिलंय, ते तरी बरोबर?

वेंगुर्लेकर: अस्थिभंग म्हणजे फ्रॅक्चर, लोक प्लास्टर शोधतील. या पेशी हाड मोडत नाहीत, आम्ल सोडून खड्डे पाडतात. ‘हाड पोखरणाऱ्या पेशी’ म्हणा. होडीची फळी किड्यानं पोखरलेली पाहिलीय ना?