मदत हवी आहे: इटालियन शिकायला पेरुजा की सिएना?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला इटलीत जाऊन इटालियन भाषा आणि संस्कृती यांत पदवी घ्यायची आहे. पेरुजा आणि सिएना, दोन्हीकडे परदेशीयांसाठी म्हणून सुरू झालेली विद्यापीठं आहेत; पेरुजाची भाषापरीक्षा चेली, सिएनाची चिल्स.

उच्चार तिला पटकन जमले. 'नोनो' म्हणजे नववा, 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'अण्णा' म्हणणाऱ्या जिभेला त्यात काय अवघड! गाडी अडलीय कोंजुंतीव्होवर, म्हणजे मत, शंका, इच्छा सांगताना लागणाऱ्या क्रियापदाच्या रूपावर. 'मला वाटतं, तो आजारी आहे' एवढ्यासाठीही क्रियापदाचं रूप बदलतं. वहीची चार पानं खोडून काल पोर रडकुंडीला आली होती.

तिथे शिकलेलं कुणी आहे का? आधी काही महिने नुसती भाषा शिकावी, की थेट पदवीला जावं? खोलीभाडं कुठे झेपेल? मनापासून विचारतेय.