नळी वाजवली म्हणून गुन्हेगार झालो का?

कृष्णाकाठ_सांगलीवाडी (धागाकर्ता)

परवा इथे 'गावभाग' यांनी लिहिलं होतं, "मेणाच्या नळ्या फोनोग्राफवर वाजवणं म्हणजे नव्वदीच्या म्हाताऱ्याला रोज हरिपूरपर्यंत पळवत नेणं. एकदा डिजिटल करा, मशीन काचेत ठेवा. मशीनवरच खरं ऐकू येतं ही रिकामटेकड्यांची थाप आहे." दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळपासून लाईट नाही, म्हणून लिहितो. फोनोग्राफला लाईट लागत नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

माझ्याकडे एडिसनचं किल्लीचं स्टँडर्ड मशीन आहे, म्हणजे नळीवर कोरलेला आवाज वाजवणारा फोनोग्राफ. पणजोबा औंध संस्थानात कारकून होते, त्यांच्या ट्रंकेतून आलेलं. सोबत 23 नळ्या. घरात 'सिलिंडर' म्हणायची सोय नाही. एकदा म्हणालो तर बायकोने विचारलं, नंबर लावलात का.

2019 च्या पुरात मशीन आणि नळ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. वडिलांच्या तबकड्या खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखलातून काढल्या, धुतल्या, लाखेच्या असल्याने टिकल्या. पण लेबलं गेली. काळ्या चकत्यांचा ढीग, कोण गातंय काही पत्ता नाही. मग एकेक वाजवली. अगदी जुन्या असतात त्यांच्यात गाणं संपल्यावर गाणारा स्वतःचं नाव सांगतो. कलकत्त्यात 1902 साली गौहरजान 'माय नेम इज गौहरजान' म्हणाली ती हौस म्हणून नाही. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसाला कळावं म्हणून. शंभर वर्षांनी तीच युक्ती सांगलीवाडीत कामाला आली. काचेतल्या वस्तूने मला नाव सांगितलं असतं का?

आता झिजण्याचं. तबकडीच्या मशीनमध्ये जड साउंडबॉक्स (पिनेची थरथर आवाजात बदलणारी डबी) पिनेवर बसलेला असतो आणि खाचच त्याला ओढत नेते. एडिसनच्या मशीनमध्ये साउंडबॉक्स सरकवायला वेगळा आट्यांचा दांडा आहे, खाचेवर ओढायचं काम नाही. शिवाय तबकडी आत आत जाते तशी खाचेची धाव मंदावते आणि शेवटी आवाज चेपतो. नळीवर पहिल्या सेकंदाची आणि शेवटच्या सेकंदाची धाव सारखीच.

आणि भोंग्यातून घेतलेला आवाज भोंग्यातूनच बाहेर यावा. हेडफोन लावला की खरखर कानात खिळ्यासारखी घुसते. खोलीत भोंगा लावला तर ती कोपऱ्यात पाऊस पडत असल्यासारखी बसून राहते आणि माणूस पुढे येतो. हे ऐकल्याशिवाय कळणार नाही.

एक कबुली. बाकीच्या नळ्या काळ्या, बँडच्या, पण 23 पैकी एक तपकिरी आहे, बिनझाकणाच्या डब्यातली, घरीच भरलेली. त्यात कुणीतरी आरतीच्या दोन ओळी म्हणतं, बेसूर, मग खोकतं, आणि शेवटी स्पष्ट ऐकू येतं, "संपलं का?" आतापर्यंत अकरा वेळा वाजवली आहे. बोला.

---

गावभाग_सांगली

अकरा वेळा.

बाकी सगळं बाजूला ठेवू. तुमच्या बँडच्या काळ्या नळ्या साच्यातल्या आहेत, 1902 नंतरच्या, तशा हजारोंनी निघाल्या. त्या वाजवा, नाचा, माझी हरकत नाही. पण तपकिरी नळी एकच असते. आणि ते नुसतं मेणही नव्हे महाराज, तो एक प्रकारचा साबण आहे! अकरा वेळा अंगाला लावलेली साबणाची वडी बघितलीय ना? तुमच्या दांड्याने साउंडबॉक्स सरकतो, मान्य, पण पिनेच्या जागी असलेला खडा तर खाचेतच टेकतो. त्याला काय पंख आहेत?

अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर यांनी खाचेचे फोटो काढून आवाज मिळवायची पद्धत बसवली. नळीला कशाचाही स्पर्श नाही. आणि इथे आपण पणजोबांना खरवडतोय आणि वर 'माणूस पुढे येतो' म्हणून कविता करतोय.

---

विटेकर_ऑडिओ

मी वेगळंच विचारतो. त्या नळ्यांवर आहे काय? गोऱ्यांचे बँड आणि त्यांचे फालतू विनोद. सांता बार्बराच्या विद्यापीठाने दहा हजारांच्या वर नळ्या नेटवर फुकट ठेवल्यात, तिथे जाऊन ऐका की. यात आपलं काय? भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची एक मिनिटाची ध्वनिमुद्रिका नाही. ते 1922 ला गेले, मशीन येऊन वीस वर्षं झाली होती. ज्यांनी आपलं जपलं नाही त्या यंत्राचे लाड कशाला?

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

@विटेकर, यंत्राने काय, माणसांनी जपलं नाही. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस नळ्यांवर स्वतः ध्वनिमुद्रण करायचे, खुद्द रवींद्रनाथांना बसवलं होतं. त्यातलं बहुतेक गेलं. आणि कुरुंदवाडचे गवई रहिमतखां? छत्र्यांच्या सर्कशीबरोबर फिरलेला माणूस, उतारवयात तबकड्यांवर गायला, म्हणून आज कानाला लागतो. तुमच्या हिशेबाने तीही गोऱ्याची कंपनी, टाका मग कृष्णेत.

@गावभाग, बर्कलीला पाठवायचा खर्च तुम्ही देणार का? पोस्टात फुटली तर?

---

भोंगा_नको_रे_बाबा

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मी एका मोठ्या शहरातल्या जुन्या बाजारातून साडेअकरा हजाराला 'अँटिक' ग्रामोफोन घेतला. पितळी भोंगा, लखलखीत, पेटीवर कुत्र्याचं चित्र. घरी आणला, किल्ली दिली, तर स्प्रिंग दीड मिनिटात ढेपाळते आणि भोंगा नुसता पेटीवर टेकवलेला, आवाज भोंग्यात नेणारी वाटच नाही! ओळखीच्या कारागिराने बघितलं आणि म्हणाला, मालक, हे नवीन आहे, कुंडी ठेवायला घ्या. सध्या मनीप्लँट आहे त्यात. तेव्हा कोणी मशीन घेणार असेल तर भोंगा चकचकीत दिसला की चपला घाला.

---

मिरजेचा_तंबोरा

सगळे झिजण्यावर भांडताय, मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. कृष्णाकाठ, ती तपकिरी नळी कुठल्या गतीवर वाजवता?

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

मशीन 160 वर लावलेलं आहे तात्या. नळीच्या काठाला कागदाचा कपटा चिकटवून मिनिटाच्या फेऱ्या मोजल्यात.

---

मिरजेचा_तंबोरा

मोजल्यात बरोबर, पण 160 सगळीकडे कुठे होतं? तपकिरी नळ्या 120, 125, 144 अशा कशावरही भरायचे. घरी भरताना तर मिनिटभर जास्त मावावं म्हणून लोक स्क्रू पिळून गती कमीच करायचे. 120 वर भरलेली नळी 160 वर लावली तर पट कितीचा? चाराला तीन. म्हणजे जो मूळचा षड्ज तो मध्यम होऊन बसतो. बाई आणि पुरुष यांच्या पट्टीत तरी याहून जास्त अंतर कुठे असतं? आता सांगा, नळीत पणजी आहे की पणजोबा?

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

...आमच्याकडे सगळे पणजीच समजतात. आत्त्याने तर ऐकून डोळे पुसले होते.

---

गावभाग_सांगली

हा हा हा. अकरा वेळा ऐकलं आणि बाई का बुवा माहीत नाही! म्हणे मशीनवरच खरं ऐकू येतं.

---

निवृत्त_मास्तर_सातारा

तात्या म्हणतात ते तबकड्यांनाही लागू आहे. 78 हे पुढे ठरलं, सुरुवातीला 70 ते 80 च्या दरम्यान काय वाटेल ते. 74 ची तबकडी 78 वर लावा, जवळजवळ अर्धा सूर चढतो, पांढरी दोनचं काळी दोन. अब्दुल करीम खांसाहेबांच्या 1905 च्या सुमाराच्या तबकड्या लोक डोळे मिटून 78 वर लावतात आणि म्हणतात, काय तो टिपेचा सूर!

---

मिरजेचा_तंबोरा

मास्तर, खांसाहेबांच्या सुराबद्दल साताऱ्याने मिरजेला शिकवू नये. आमच्या पणजोबांनी त्यांच्या तंबोऱ्याची जवारी (तारेचा झणकार) लावलीय. खरं तर लावू दिली नाही, खांसाहेब स्वतःच लावायचे, पणजोबा पटाशी धरून बसायचे. त्यांचा सूर चढाच होता. तबकडीचं नाव सांगून उतरवू नका.

---

निवृत्त_मास्तर_सातारा

मी उतरवला कुठे? यंत्राचं म्हणालो. आणि शिकवण्याचंच म्हणाल तर 22 श्रुतींची (सप्तकात 22 सूक्ष्म सूर देणारी) पेटी काढली तेव्हा क्लेमेंट्स साहेब आमच्या साताऱ्याला न्यायाधीश होते. सुराचं मोजमाप सातारकरांना नवीन नाही.

---

वखारभाग_वाचक

अहो मास्तर! पेटी कृष्णाजी बल्लाळ देवलांची. देवल सांगलीचे. साहेबाने पाठबळ दिलं.

---

मिरजेचा_तंबोरा

आणि दोघांना सूर कुणी दिले? खांसाहेबांनी. न्यायाधीश काय 'ऑर्डर ऑर्डर' करून श्रुती काढणार होते का? लगा, सांगलीनं गणपती घ्यावा, साताऱ्यानं कंदी पेढे घ्यावेत, सूर मिरजेकडे राहू द्या. 2024 ला सतार-तंबोऱ्याचं जीआय (भौगोलिक मानांकन) कुणाला मिळालं बघा जरा.

---

निवृत्त_मास्तर_सातारा

जीआय लाकडाला मिळालं, गळ्याला नाही. आणि 1916 ला बडोद्याच्या परिषदेत त्या श्रुतींच्या पेटीवर काय रामायण झालं तेही लिहा एकदा. पेटीत श्रुती पकडणं आणि मेणात गाणं पकडणं, दोन्ही एकाच काळातली खुळं.

---

वखारभाग_वाचक

'खुळं' शब्द मागे घ्या. देवल डेप्युटी कलेक्टर होते, निवृत्तीनंतर उरलेलं आयुष्य सुरांवर घातलं. आजचे निवृत्त काय करतात, तर धाग्यांवर लोकांना खुळं म्हणतात.

---

निवृत्त_मास्तर_सातारा

वैयक्तिक होऊ नका. मी पेटीवादक आहे, त्या पेटीवर माझं प्रेम आहे. खुळं हा शब्द मी लाडाने वापरला. नाही पटत तर घेतला मागे, ठेवा फ्रेम करून.

---

विश्रामबागची_डॉक्टरीण

माझ्या आजोळी इंग्लंडहून आणलेल्या निळ्या नळ्या होत्या, सेल्युलॉइडच्या. त्या झिजत नाहीत म्हणून आजोबा बिनधास्त वाजवायचे. पण आत प्लॅस्टरचा गाभा असतो, तो आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टात फुगला आणि नळी मशीनवर चढेचना. मामाने जोर लावला. पुढचं सांगत नाही. आणि तपकिरीवर पांढरे ठिपके असतील तर ती बुरशी आहे, ती मेण खाते. कृष्णाकाठ, न वाजवताही तुमची नळी संपतेच आहे, एवढंच 'काचेत ठेवा'वाल्यांनी ध्यानात घ्यावं. काचेच्या आत पावसाळा जात नाही असं थोडंच आहे?

---

गावभाग_सांगली

डॉक्टरीणबाई, हा मुद्दा मात्र खरा आहे. लिहून ठेवतो, रोज रोज असं होत नाही. म्हणूनच म्हणतो, लवकर उतरवून घ्या आणि मग थांबा. कृष्णाकाठ, ठिपके आहेत का?

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

आहेत. एका टोकाला, आरती सुरू होते तिथे. कापसाने पुसू का?

---

गावभाग_सांगली

हात लावू नका! बोटं नळीच्या आत घालून, फाकवून धरा, बाहेरून पकडू नका. थंड नळी गरम हाताने तडकते. आणि आधीच्या अकरा वेळांपैकी एकदा तरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं का?

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

नवव्या वेळी. फाईल टाकतोय. मागे कुकरची शिट्टी आहे, माफ करा.

---

मिरजेचा_तंबोरा

लॅपटॉपवर 120 ला उतरवून ऐकलं. पुरुष आहे. घसा बसलेला, पण पुरुष. 'संपलं का' नीट सांगलीच्या चालीत येतं, 160 वर नुसतं चिवचिव आहे. शिट्टी मात्र रेल्वे इंजिनासारखी झाली. बर्लिनचे अभ्यासक नळी भरताना सुरुवातीला पिपाणीचा ठरलेला सूर फुंकून ठेवायचे, तसं तुमच्या पणजोबांनी केलं असतं तर माझी दुपार वाचली असती.

---

वखारभाग_वाचक

मला 130 ला बाई वाटली. सर्दी झालेली बाई.

---

विटेकर_ऑडिओ

मी तुमच्या बाजूने नाही, पण तीन वेळा ऐकली. मराठी आहे हो. 'यात आपलं काय' हे तेवढं वाक्य खोडलं समजा. बँडबद्दलचं कायम.

---

कृष्णाकाठ_सांगलीवाडी

आत्त्याला 120 वालं ऐकवलं. ती म्हणाली, हे माझे आजोबा नव्हेत, आजोबा असे खोकायचे नाहीत. आता तिला परत 160 वर मशीनवर ऐकायचंय. आणि काल किल्ली देताना मशीनचा चामड्याचा पट्टा तुटला. कुणाला माहीत आहे का कुठे मिळेल?

---

गावभाग_सांगली

देव आहे. पट्टा मिळू देऊ नका कुणी. बाराव्यांदा होणार नाही.

---

मिरजेचा_तंबोरा

तबल्याची वादी घ्या, सव्वा हात पुरे. काचेच्या तुकड्याने तासून पातळ करा, टोकं तिरपी कापून चिकटवा. शिवू नका, गाठीवर दर फेरीला सूर हलेल. मिरजेत आलात तर मीच देतो, पैसे नकोत.

---

गावभाग_सांगली

तात्या!!

---

मिरजेचा_तंबोरा

काळ्या नळ्यांसाठी म्हणालो मी.