गोऱ्यांचं गोरेपण दिसतं, आपलं आडनाव का दिसत नाही?

(नागपूरच्या धरमपेठ, महाल आणि इंदोरा या वस्त्यांतल्या तिघांचं बोलणं)

धरमपेठची: अमेरिकेतले आपले नागपूरकर तिथल्या वर्णद्वेषाबद्दल पोटतिडकीने बोलतात, बोलायलाच हवं. पण २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा माझ्या ओळखीतले तेच लोक ‘आमची बदनामी’ म्हणून चिडले. मी ब्राह्मण घरातली. भाड्याने खोली बघायला गेले तर आडनाव ऐकूनच घरमालकांनी चहा टाकला. माझ्या बौद्ध मैत्रिणीला त्याच घरी मूळ गाव, वडिलांचं काम, जेवणात काय चालतं, सगळं विचारलं आणि नकार दिला. गोऱ्या माणसाला तिथे जे न मागता मिळतं, ते मला इथे मिळतं.

महालातला: मीही ब्राह्मणच, पण मला नाही मिळालं. वडील लग्नाकार्यात आचारी होते, माझ्या फीसाठी आईचं मंगळसूत्र गहाण पडलं. घरमालकाचं चुकलंच, त्याला धरा नं! पण अमेरिकेत जमीन, बँका, सत्ता गोऱ्यांच्या हाती होती. आमच्याकडे काय होतं?

धरमपेठची: गरिबी खरीच आहे, दादा. पण वडिलांना पंगतीचा स्वयंपाक करू दिला, तो त्या आडनावावर. तितकाच सुगरण दलित माणूस तेव्हा त्या चुलीजवळ तरी जाऊ शकला असता का?

महालातला: नसता, मान्य. म्हणून मी जन्मभर मान खाली घालून फिरू?

इंदोऱ्याचा: मान खाली घाला असं कोण म्हणतं, भाऊ? आणि ही तुलना आजची नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. परतल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून राहिले. ओळख उघड होताच लोक काठ्या घेऊन आले. १९४६ मध्ये त्यांनीच अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलं की अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची स्थिती फार मिळतीजुळती आहे.

पण ताई, तुमच्या बोलण्यात आम्ही फक्त खोली नाकारलेले लोक उरतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. आमची ओळख त्या दिवसापासून आम्ही स्वतः निवडलेली आहे, ती कोणाच्या नकारातून आलेली नाही. मला तुमची कबुली नको. मैत्रिणीला नाही म्हटल्यावर तुम्ही त्या घरमालकांना काय म्हणालात, तेवढं सांगा.